पटवारीणचा उपास

भूपेंद्रजींच्या खांद्यावर दात किती उमटले, यावरून सोमवारी सकाळी घरात दोन पक्ष पडले होते. विनोदचं म्हणणं सहा. हेमराजचं म्हणणं चार, आणि तेही सफारीच्या कापडावर, कातडीवर नव्हे. मोजायला भूपेंद्रजी हजर नव्हते. ते रात्रीच पांढुर्ण्याला परतले होते, वाटेत इंजेक्शन घेऊन, आणि पोचल्यावर फोनवर म्हणाले होते, "काही नाही जी, लाडात आली असंल." होणाऱ्या व्याह्यानं इतकं गोड बोलावं, हेच विनोदला चाव्यापेक्षा जास्त लागलं होतं.

साखरपुडा त्याच्या मुलाचा होता, वीरेंद्रचा. अंगठ्या झाल्या, जेवणं झाली. मग विनोदच्या वडलांना, नत्थूजींना, हौस आली. व्याह्यांना घोडी दाखवा म्हणाले, वरातीत हीच नाचणार आहे. विनोदच्या धाकट्या भावानं, हेमराजनं, खोगीर चढवलं, पोटाखालचा पट्टा आवळला, आणि पटवारीणनं मान वळवून तोंडाशी आलेला पहिला खांदा धरला. लोधीखेड्यापासून पांढुर्ण्यापर्यंत शंभरावर वराती नाचवलेल्या घोडीनं असं कधी केलं नव्हतं. म्हणजे पाहुण्यांसमोर केलं नव्हतं. घरच्यांना ती महिनाभर चावतच होती, पण घरचे मोजत नाहीत.

तिचं नाव पटवारीण, कारण सात वर्षांपूर्वी ती जन्मली त्याच दिवशी पटवारी साहेब दोन भावांच्या मधल्या भिंतीची जागा मोजायला आले होते. भिंत झाली, अंगणं दोन झाली, संत्र्याचा बगीचा वाटला गेला. शिंगरू वाटता येईना, म्हणून ते तेवढं नत्थूजींकडे राहिलं, आणि नत्थूजी व त्यांची बायको केसरबाई घोडीच्या कोठ्याजवळच्या ओसरीत, भिंतीच्या टोकाला, दोन्हीकडून चहा घेत राहिले.

त्या ओसरीतच आता सगळे जमले होते. नत्थूजींनी खिशातून खाण्याच्या सोड्याची पुडी काढली, चिमूटभर जिभेवर टाकला, वर पाणी प्यायले, एक ढेकर दिला आणि निकाल सांगितला.

"लोधीखेड्याच्या दादाजीले फोन केला म्या. उद्या येते दोर घेऊन."

हेमराजच्या हातातला कप बशीत वाजला. "दादाजीची इटाची भट्टी आहे बाबा."

"मले माहीत नाही का? गाडीले घोडी पायजे त्याले."

"हे नाचणारं जनावर आहे. इटा ओढायचं नाही."

"चावणारं जनावर आहे," विनोद म्हणाला. "उद्या वरातीत नवरीच्या मामाले धरलं तं? मी कोणाकोणाले इंजेक्शन देत फिरू?"

"मले चालते," वीरेंद्र म्हणाला. "मी बुलेटवर जाईन."

"तू चूप," बाप आणि काका एकाच वेळी म्हणाले. त्या घरात सात वर्षांत दोघांचं एकमत झालं ते एवढंच.

हेमराजला बोलायचं पुष्कळ होतं, पण त्याचं बोलणं घोडीशी व्हायचं, माणसांशी नाही. शिंगरू असताना त्यानं तिला पोत्यावर झोपवून रात्री काढल्या होत्या. पहिला ठेका त्यानं तिला स्टीलच्या ताटावर वाजवून शिकवला होता, आणि अजूनही कोणी ताट आपटलं की कोठ्यात तिचे पाय उचलले जायचे. हे सगळं सांगायचं सोडून तो म्हणाला, "सहा नाही, चारच दात होते."

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली.

"कोण आहे?" नत्थूजींनी विचारलं.

"डॉक्टर आहे, मामाजी," सुचिता म्हणाली. ती हेमराजची बायको, नत्थूजींची धाकटी सून, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना न विचारता गोष्टी करणारी घरातली एकटी. "सकाळीच फोन केला म्या. विकायचंच असंल तं बिमार विकू नये."

डॉक्टर पूजा गजभिये लोधीखेड्याची. तिनं हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि सरळ कोठ्यात गेली. बाकीचे मागून. पटवारीणनं कान मागं टाकले. डॉक्टरनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, मग गव्हाणीकडे पाहिलं. गव्हाण धुतल्यासारखी स्वच्छ होती.

"चारा काहून नाही?"

"आज सोमवार," केसरबाई म्हणाल्या.

डॉक्टर त्यांच्याकडे वळली. "सोमवारी चारा भेटत नाही का तुमच्याकडं?"

"भेटते ना. तिचा उपास असते."

कोणीच हसलं नाही. घरच्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, आणि डॉक्टर नोकरीवर होती.

"साबुदाणा देता?" तिनं विचारलं.

"नाही बाप्पा. संध्याकाळी थोडेसे शेंगदाणे."

मग केसरबाईंनी नीट सांगितलं, कारण विचारणारी मुलगी शिकलेली होती. शिंगरू वर्षाचं असताना पोट फुगून पडलं. केसरबाई महादेवाला सोळा सोमवार बोलल्या. शिंगरू उठलं. पण केसरबाईंना शुगर, त्यांना उपास मना. "मंग म्या म्हटलं, जीव हिचा वाचला, उपास हिनंच करावा. बोलणारी मी, करणारी ते."

"आणि सोळा सोमवार कधी संपले?"

"संपले कुठं? उद्यापन झालं नाही ना."

सोळा जोडपी एका पंगतीला जेवू घालायची, त्याशिवाय व्रत सुटत नाही. विनोद म्हणाला होता पंगत माझ्या अंगणात. हेमराज म्हणाला होता माझ्या. त्याला आता सहा वर्षं झाली होती. सुचितानं मनातल्या मनात सोमवार मोजले. तीनशेच्या वर भरले. इतके सोमवार त्या महादेवाच्या पुजाऱ्यानंही केले नसावेत.

डॉक्टरनं खिशातून पेन काढलं आणि परत ठेवलं. "वरातीच्या दिवशी काय खाते?"

"वरातीच्या दिवशी काहीच नाही," नत्थूजी पुढं झाले. हा त्यांचा विषय होता. "रिकाम्या पोटाची घोडी हलकी नाचते. माह्या बापापासून चालत आलं. वरात लागली की मंग तोबरा भरून चणे."

"एकदमच?"

"एकदमच. दिवसभराची भूक राहते ना तिले."

"आणि थकली, लंगडली तं?"

"दुखण्याची पुडी देतो. हप्त्यातून दोनदा. कधी तीनदा."

"काका," डॉक्टर म्हणाली, "पोटात जखमा व्हाव्या म्हणून कोणी मुद्दाम ठरवलं असतं ना, तं त्याले बी इतकं नीट जमलं नसतं."

तिनं समजावून सांगितलं. माणसाच्या पोटात आम्ल मुख्यतः जेवणाच्या वेळेला सुटतं. घोड्याच्या पोटात ते चोवीस तास सुटत राहतं, खावो की न खावो, कारण हे जनावर दिवसभर चरत राहण्यासाठी बनलं आहे. चावताना लाळ येते, लाळ ते आम्ल मारते. चारा नाही तर चावणं नाही, चावणं नाही तर लाळ नाही. मग आम्ल पोटालाच खातं. त्यात रिकाम्या पोटी नाचवलं की ते उसळून वर जातं, आणि पोटाच्या वरच्या भागाला काही संरक्षणच नसतं. वरून दुखण्याच्या पुड्या. वरून एकदम चणे.

"दात खाते का ती? करकर?"

"खाते," हेमराज म्हणाला.

"जांभया देते?"

"लय."

"दाणा टाकून देते, मऊ मऊ तेवढं खाते?"

"हाव."

"पोटाजवळ हात नेला की चिडते? उगाच कोणाच्याही अंगावर जाते?"

आधी केसरबाईंनी, मग सुचितानं, मग दोन्ही मुलांनी मान वळवली आणि सगळे नत्थूजींकडे पाहू लागले. नत्थूजींचा हात सोड्याच्या पुडीवर होता. ते नुकतीच जांभई देऊन चुकले होते.

"मी नाही चावलो कोणाले," नत्थूजी म्हणाले.

"अजून," केसरबाई म्हणाल्या.

डॉक्टरनं फक्त घोडीपुरतं बोलायचं ठरवलं. "पक्कं पाहायचं तं नागपूरले न्या लागन. नाकातून लांब नळी टाकते, तिच्या टोकाले कॅमेरा. पण त्याच्यासाठी पोट रिकामं पायजे. बारा-चौदा तास काही खाल्लेलं नसावं."

"काल संध्याकाळपासून दाणा नाही तिच्या पोटात," केसरबाई सावकाश म्हणाल्या.

"मग आजच न्या."

केसरबाईंनी पदर खांद्यावर घेतला आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "पाहा. डॉक्टरीन बी उपासच सांगून राहिली."

टेम्पो वीरेंद्रनं चालवला, हेमराज मागं घोडीपाशी उभा राहिला, आणि पुढच्या सीटवर कोणी न बोलावता नत्थूजी बसले. विकायच्या जनावराची काय एवढी फिकर, असं वीरेंद्रनं विचारलं. गिऱ्हाइकाला माल नीट सांगता यावा म्हणून, असं नत्थूजी म्हणाले. सौंसर सुटल्यावर त्यांनी दोनदा टेम्पो थांबवायला लावला आणि दोन्ही वेळा मागं जाऊन पाहून आले. गिऱ्हाइकाला सांगण्यासारखं दोन्ही वेळा काही नव्हतं.

नागपूरला घोडीला गुंगीचं इंजेक्शन दिलं. ती उभ्या उभ्या डुलायला लागली, पहाटेच्या वरातीतल्या पाहुण्यासारखी. नळी नाकातून आत गेली, जातच राहिली, आणि समोरच्या पडद्यावर पटवारीणचं पोट आलं. फिकं गुलाबी, खालच्या कडेला पिवळट, आणि वरच्या भागात लाल लाल ठिपके. काही ठिकाणी ठिपके मिळून चट्टे झाले होते.

नत्थूजी पडद्याच्या इतके जवळ गेले की तिथल्या डॉक्टरला त्यांच्या टोपीच्या बाजूनं पाहावं लागलं.

"हे दुखत असंल?"

"आग होते. आत निखारा ठेवल्यासारखी."

नत्थूजींना निखारा ठाऊक होता. चाळीस वर्षं त्यांनी घोड्या नाचवल्या होत्या, हिच्या आजीपासून, आणि घोडी उपाशी तर मालकानंही उपाशी राहावं म्हणून वरात लागेपर्यंत स्वतःही कधी घास घेतला नव्हता. बेंबीच्या वर काहीतरी पेटायचं. ते पेटलं की पाय आपोआप उचलले जायचे.

"मले वाटे, हे आग म्हणजे जोर आहे," ते पडद्याकडे पाहत म्हणाले. "सगळ्याईचाच तसाच असते."

हेमराजनं बापाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बापाला काहीतरी कडक बोलावं लागलं असतं. त्यानं घोडीची मान धरून ठेवली.

बाहेर येऊन नत्थूजींनी दादाजीला फोन लावला. "उद्या नको येऊ. दवाई सुरू आहे. महिन्यानं लग्न आहे, तवा ये. वरातीत नाचली तं नाचली. नाही नाचली, कोणाले चावली, तं तिथूनच ने." फोन ठेवून ते हेमराजला म्हणाले, "शब्द फिरवला नाही म्या. तारीख फिरवली."

इकडे वीरेंद्रनं पडद्याचा फोटो काढून घरच्यांना पाठवला. म्हणजे त्याला घरच्यांना पाठवायचा होता. तो गेला 'वीरेंद्र आणि चंचल, शुभविवाह' या ग्रुपवर, जिथं सकाळपासून साखरपुड्याचे फोटो पडत होते. काढून टाकावा तोवर खाली पांढुर्ण्याहून अकरा अंगठे आले होते. भूपेंद्रजींनी लिहिलं होतं, "मंडपाचा कपडा पसंत आहे. गुलाबी-पिवळा छान. लाल बुट्टी पण शोभते. हाच ठरवतो."

संध्याकाळी ओसरीत नवीन यादी वाचली गेली. गव्हाण कधी रिकामी ठेवायची नाही. चणे कमी, आणि तेही थोडे थोडे करून. लसूणघास रोज. दुखण्याच्या पुड्या बंद. तीन आठवडे वरात बंद. दिवसाचा काही वेळ मोकळं फिरू द्यायचं. नाचायच्या आधी पोटात थोडा चारा हवाच. गोळ्या महिनाभर, सकाळी उपाशीपोटी, आणि अर्ध्या-एक तासानं चारा.

"म्हणजे अर्धा तास उपास चालते," केसरबाई म्हणाल्या.

"तेवढा चालते, आत्याबाई. सोमवारचा नाही चालत," सुचिता सासूला म्हणाली.

"सोमवार माह्या हातात नाही. उद्यापन करा, मी आत्ता सोडतो."

मग सहा वर्षांपूर्वीचं भांडण, जिथं ठेवलं होतं तिथूनच, उचललं गेलं. मोठा मुलगा मी, पंगत माझ्या अंगणात, असं विनोद म्हणणार होता. त्यानं तोंड उघडलंही. तेवढ्यात भूपेंद्रजींचा फोन आला.

"विनोदजी, घोडी आणजा बरं का," ते म्हणाले. "इथं गावभर झालं ना चावल्याचं. लोकं मले थांबवून खांदा पाहून राहिले. आता तिले नाचताना पायलं नाही, तं म्हणतीन भूपेंद्रले घोडी चावली आणि वरात आली मोटरसायकलवर. माही काय इज्जत राहीन?"

विनोदनं फोन ठेवला. सकाळी त्याची इज्जत घोडी विकण्यात होती. आता ती घोडी नाचवण्यात गेली होती. एका दिवसात इज्जतीनं एवढा प्रवास केल्यावर माणूस थोडा दमतो. त्यानं पाण्याचा गडू उचलला.

"हेमराज, तुह्याच अंगणात घे पंगत."

हेमराज घाबरला. सहा वर्षं ज्याच्याशी भांडलं त्यानं एकदम मागं सरावं, हे त्याला संशयास्पद वाटलं. "नाही भाऊ. तू मोठा. तुह्याकडंच होऊ दे."

"अरे घे म्हटलं ना."

"नाही नाही. तूच घे."

हेही भांडण आधीच्या इतकंच लांबणार अशी लक्षणं दिसायला लागली, तेव्हा सुचिता उठली. तिनं कोठ्यातून भिंत फोडायची सब्बल आणली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"डॉक्टरीन म्हणते घोडीले फिरायले जागा पायजे. इकडं दहा पावलं, तिकडं दहा पावलं. मधात घोडीच्या मापाचं दार पाडा. आठ जोडपी इकडं बसतीन, आठ तिकडं. पंगत एकच."

"आणि मधली जागा कोणाची?" विनोदनं विचारलं.

"पटवारीणची," सुचिता म्हणाली.

भिंत पाडताना दोघा भावांनी एकमेकांना मदत केली नाही. विनोदनं त्याच्या बाजूनं विटा काढल्या, हेमराजनं त्याच्या बाजूनं, आणि मधे भेट झाली तेव्हा दोघंही "झालं का तुह्यं?" एवढंच म्हणाले.

पुढच्या सोमवारी उद्यापन झालं. महाराजांनी संकल्पाला यजमानाचं नाव विचारलं. केसरबाई म्हणाल्या, पटवारीण. गोत्र विचारलं. आमचंच लावा, म्हणाल्या, खाऊन राहिली आमच्याच घरचं. महाराज म्हणाले यजमान जोडीनं बसायला हवा. म्हणून हेमराज आणि सुचिता पाटावर बसले, आणि त्यांच्यामागं भिंतीच्या भगदाडात पटवारीण लसूणघास चावत उभी राहिली, दोन्ही अंगणांवर सारखी नजर ठेवून. केसरबाईंनी पहिला घास तिलाच भरवला. मग हात जोडून महादेवाला म्हणाल्या, "आता पुरे. तिनं लय केलं."

त्या रात्री नत्थूजी कोणी न सांगता सात वाजता जेवले. दुसऱ्या दिवशी सौंसरच्या दवाखान्यात एकटेच जाऊन आले, आणि आल्यावर सोड्याची पुडी गुपचूप केसरबाईंच्या डब्यात ओतली. रोज सकाळी आधी घोडीची गोळी, मग त्यांची गोळी, आणि अर्धा तास दोघं कोठ्यात समोरासमोर बसून चाऱ्याची आणि भाकरीची वाट पाहायचे. दुसऱ्या आठवड्यात घोडीचं दात खाणं थांबलं. तिसऱ्यात तिनं पट्टा आवळू दिला. चौथ्यात सुचितानं धुताना ताट पाडलं आणि कोठ्यातून टापांचा ठेका ऐकू आला. हेमराज अंगणात उभा होता. त्यानं ताट उचललं आणि परत पाडलं.

वरात पांढुर्ण्यात संध्याकाळी पाचला निघाली. मंडप लांबूनच दिसत होता, फिका गुलाबी, कडेला पिवळा, वर लाल बुट्टी. नत्थूजी त्याच्याकडे पाहून मिनिटभर थांबले. "अगदी तसाच," ते पुटपुटले. भूपेंद्रजींना ती तारीफ वाटली.

दादाजी आला होता. नवीन शर्ट, खांद्यावर दोर. तो नत्थूजींच्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "शब्द शब्द राहते ना जी?"

"राहते ना. पण वरात लांबची आहे, मधात दोनदा थांबून घोडीले घास द्या लागते. डॉक्टरीनचा हुकूम आहे. तो लसूणघासाचा भारा सुटून राहिला. तुह्याजवळ दोर आहे, बांध बरं जरा."

दादाजीनं भारा बांधला. बांधलेला भारा कोणीतरी उचलायलाच हवा होता, आणि दोर त्याचा होता.

वर खोगिरावर वीरेंद्र बसला होता. लग्न लागेपर्यंत नवरदेवानं जेवायचं नाही, असं आजीनं सकाळीच बजावलं होतं, आणि आता उपास करायला घरात तो एकटाच उरला होता. खाली घोडी मजेत चावत होती. बाजूनं आजोबा खिशातून फुटाणे काढून खात होते.

"आजोबा," तो वाकून म्हणाला, "मले बी द्या ना दोन."

"तुह्या पोटात चोवीस तास आम्ल सुटत नाही," नत्थूजी म्हणाले. "सरळ बैस."

बँड सुरू झाला. हेमराजनं लगाम सैल सोडला. पटवारीणनं उरलेला घास गिळला, मान उचलली, एक पाय उचलला, मग दुसरा. भूपेंद्रजी रस्त्याच्या कडेला उभे होते, खांदा जरा मागं घेऊन. ती त्यांच्याजवळ आली, वास घेतला, आणि त्यांच्या समोरच जागच्या जागी दोनदा गोल फिरली. लोकांनी शिट्या मारल्या. भूपेंद्रजींनी खांदा पुढं केला.

मग ती नाचत निघाली. सगळ्यात पुढं दादाजी चालत होता, पाठीवर लसूणघासाचा भारा, भाऱ्याला त्याचाच दोर. घोडीनं भारा पाहिला आणि पावलं त्याच्या मागं लावली. तो वळला की ती वळत होती, तो थांबला की ती थांबत होती. दादाजी घोडीला मागं घेऊन जायलाच आला होता, आणि घोडी मंडपापर्यंत त्याच्या मागंच गेली.